तीन कागद आणि एक बरोबरी: लेनॉक्स लुईस, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, १३ मार्च १९९९

१३ मार्च १९९९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बारावी फेरी संपल्याची घंटा वाजली, तेव्हा सामना कोणी जिंकला याबद्दल सभागृहात फारसा मतभेद उरला नव्हता. लंडनमध्ये जन्मलेल्या लेनॉक्स लुईसने अमेरिकेच्या इव्हँडर होलिफील्डला जवळजवळ सबंध सामनाभर आपल्या डाव्या हाताच्या टप्प्यावर रोखून धरले होते. मग तीन पंचांचे कागद वाचले गेले. पहिल्याने होलिफील्डला ११५-११३ असे विजयी ठरवले होते, दुसऱ्याने लुईसला ११६-११३ असे, आणि तिसऱ्याचा आकडा होता ११५-११५. हेवीवेट गटाचे निर्विवाद जगज्जेतेपद ज्या लढतीने ठरायचे होते, ती बरोबरीत सुटली, आणि ब्रिटनहून आलेल्या हजारो प्रेक्षकांबरोबर अमेरिकन प्रेक्षकांनीही त्या निकालाची हुर्यो उडवली.

शब्दांबद्दल एक खुलासा आधीच केलेला बरा. मराठीत निवाडा करणारा तो पंच, आणि या खेळात मारला जाणारा ठोसाही इंग्रजीच्या वळणाने पंचच म्हटला जातो. या लेखात ठोशाला ठोसाच म्हटले आहे. पंच म्हणजे रिंगच्या कडेला बसून गुण देणारी व्यक्ती, आणि रेफरी म्हणजे रिंगमध्ये उभा राहून लढत सांभाळणारा.

युरोपातला मुष्टियोद्धा अमेरिकेत गेला की त्याला गुणांवर कोणी जिंकू देत नाही, समोरच्याला आडवे पाडले तरच विजय पदरात पडतो, ही समजूत फार जुनी आहे, आणि तिचा बिनतोड पुरावा म्हणून हाच सामना पुढे केला जातो. लुईसवर त्या रात्री अन्याय झाला, याबद्दल मला शंका नाही. पण तो अन्याय कोणत्या वाटेने झाला हे कागद हाती घेऊन तपासले, तर ही समजूत जशीच्या तशी टिकत नाही. लुईसला सर्वांत महागात पडलेला कागद अमेरिकन पंचाचा नव्हता.

पाहुणा कितपत पाहुणा होता

लुईसचा जन्म २ सप्टेंबर १९६५ रोजी लंडनच्या वेस्ट हॅम भागात जमैकाहून आलेल्या आईबापांच्या पोटी झाला. बाराव्या वर्षी तो आईजवळ कॅनडात किचनर या गावी राहायला गेला, तिथेच मुष्टियुद्ध शिकला, आणि १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाकडून खेळताना अंतिम फेरीत अमेरिकेच्या रिडिक बोला हरवून त्याने सुवर्णपदक मिळवले. व्यावसायिक झाल्यावर मात्र तो इंग्लंडला परतला आणि युरोपियन व ब्रिटिश जेतेपदे जिंकत वर चढला. १९९५ पासून त्याचा प्रशिक्षक होता डेट्रॉइटच्या प्रसिद्ध क्रॉंक व्यायामशाळेचा इमॅन्युएल स्टीवर्ड. म्हणजे ज्याला अमेरिकन वृत्तपत्रे ब्रिटिश म्हणत आणि ब्रिटिश वृत्तपत्रे कधीकधी अर्धा कॅनेडियन म्हणून चिमटे काढत, त्याचा डावा हात डेट्रॉइटमध्ये घडला होता. युरोपीय शैली आणि अमेरिकन शैली यांच्यातील फरकावर या सामन्याचे सगळे ओझे टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

अमेरिकेला तो पटत नव्हता, त्याचे कारण शैलीपेक्षा त्याच्या जेतेपदाच्या जन्मकथेत होते. १९९२ च्या अखेरीस जगज्जेता झालेल्या रिडिक बोने लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसी या जागतिक मुष्टियुद्ध संस्थेचा पट्टा, म्हणजे तिच्या जगज्जेतेपदाची खूण, लंडनमध्ये छायाचित्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला, आणि तो पट्टा लुईसला न लढता मिळाला. कचऱ्याच्या डब्यातून आलेल्या पट्ट्याचा मानकरी, ही ओळख पुसायला त्याला पुढची कित्येक वर्षे लागली. त्यात सप्टेंबर १९९४ मध्ये लंडनच्या वेम्बली येथे, घरच्या प्रेक्षकांपुढे, ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडून तो पट्टा काढून घेतला. फेब्रुवारी १९९७ मध्ये लास वेगासला झालेल्या परतीच्या लढतीत लुईसने पट्टा परत मिळवला खरा, पण ती लढत मॅकॉल रिंगमध्येच रडू लागला आणि लढायलाच तयार होईना, म्हणून थांबवावी लागली होती. त्यातूनही लुईसच्या वाट्याला गौरव आला नाही. ब्रिटिश हेवीवेट मुष्टियोद्धे जमिनीला समांतर असतानाच ओळखू येतात, हा अमेरिकन विनोद तेव्हाही जिवंत होता.

होलिफील्ड दुसऱ्या टोकाला होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याने माइक टायसनला हरवले, जून १९९७ मधल्या परतीच्या लढतीत टायसनने त्याचा कान चावला, आणि त्यानंतर अमेरिकेत त्याच्याइतके प्रेम दुसऱ्या कोणा मुष्टियोद्ध्याच्या वाट्याला आले नसावे. डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या आणखी दोन जागतिक संस्थांचे पट्टे त्याच्याकडे होते; तिन्ही पट्टे एकाच्या हाती आले की तो निर्विवाद जगज्जेता. तो छत्तीस वर्षांचा होता, लुईस तेहेतीस. त्या रात्रीच्या मानधनाचा ढोबळ आकडा होलिफील्डसाठी दोन कोटी डॉलर आणि लुईससाठी त्याच्या निम्मा होता. दोघेही जगज्जेते असताना कोणाचे घर आणि कोण पाहुणा, हे त्या वाटणीतच लिहिले होते.

पाचवी फेरी

लुईसची उंची सहा फूट पाच इंच, होलिफील्डची सहा फूट अडीच इंच. लुईसचे वजन २४६ पौंड, होलिफील्डचे २१५. हातांच्या पसाऱ्यात लुईस सहा इंचांनी सरस होता. स्टीवर्डचा बेत यावरच उभा होता: डावा हात सतत समोरच्याच्या तोंडावर, म्हणजे होलिफील्डला जवळ यायचे तर प्रत्येक पावलाची किंमत मोजावी लागेल. पहिल्या दोन फेऱ्यांत हे तंतोतंत घडले. तिसऱ्या फेरीत आपण लुईसला खाली पाडणार, असे होलिफील्डने आधीच जाहीर केले होते, आणि तो शब्द राखण्यासाठी त्या फेरीत तो अक्षरशः तुटून पडला. ती फेरी त्याची झाली. लुईस मात्र उभाच राहिला, आणि भविष्यवाणी फसल्यावर होलिफील्डच्या हालचालीतला जोर ओसरलेला दिसू लागला.

पाचव्या फेरीत लुईसने त्याला दोरांशी कोंडले. उजव्या हाताचे सरळ ठोसे, त्यामागून अपरकट, म्हणजे खालून हनुवटीकडे येणारे ठोसे, आणि होलिफील्ड हातांच्या आडोशाने डोके वाचवीत, दोरांना पाठ घासत बाजूला सरकण्याची वाट शोधतो आहे, असे ते दृश्य होते. कॉम्प्युबॉक्स या मोजणीनुसार त्या तीन मिनिटांत लुईसचे ४३ ठोसे लागले आणि होलिफील्डचे ११. तरीही लुईसने घाव शेवटास नेला नाही. तो थांबला, एक पाऊल मागे आला, समोरचा खरोखर खचला आहे की सापळा लावून बसला आहे याचा अंदाज घेऊ लागला. होलिफील्ड मार खाता खाता अचानक उलटा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने दिलेला ठोसा, मारण्यात तरबेज होता, त्यामुळे ही सावधगिरी निव्वळ भित्रेपणाची म्हणता येणार नाही. वेम्बलीला मॅकॉलच्या एका उजव्या हाताने काय केले होते, हे लुईसला विसरता येण्यासारखे नव्हते. पण त्या थांबण्यातून होलिफील्डला सावरायला उसंत मिळाली आणि निर्णय रिंगच्या आतून उठून रिंगच्या बाहेरच्या तीन खुर्च्यांकडे गेला.

सामन्याच्या उत्तरार्धात लुईस काही फेऱ्या नुसत्या राखून खेळला आणि होलिफील्डला त्यांत शिरकाव मिळाला. तरी एकूण मोजणी एकतर्फीच होती: लुईसने मारलेल्या ६१३ ठोशांपैकी ३४८ लागले, होलिफील्डच्या ३८५ पैकी १३०. कॉम्प्युबॉक्स म्हणजे दोन माणसांनी एकेका मुष्टियोद्ध्यावर नजर ठेवून कळा दाबण्याची पद्धत असते; ठोशाचा जोर त्यात नीट उतरत नाही आणि चुकाही होतात. मात्र अडीचपटीहून मोठी तफावत कळ दाबण्याच्या चुकीने निर्माण होत नाही.

कागदांचा हिशेब

एवढी तफावत असताना बरोबरी निघालीच कशी, याचे उत्तर आधी गुण देण्याच्या पद्धतीत शोधावे लागते. प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ. कोणी खाली पडला तर आठ. आणि फेरी समसमान वाटली तर दोघांना दहा-दहा. यात ४३ विरुद्ध ११ अशी जिंकलेली फेरी आणि दोनच ठोशांच्या फरकाने जिंकलेली फेरी कागदावर सारख्याच दिसतात. लुईसने आपल्या चांगल्या फेऱ्या प्रचंड फरकाने जिंकल्या, होलिफील्डने आपल्या थोड्या फरकाने, पण हिशेबात दोन्हींचा भाव एकच. ठोशांच्या एकूण आकड्यावरून बसलेला धक्का या पद्धतीमुळे थोडा कमी होतो, हे मान्य करायला हवे.

आता कागद पाहू. अमेरिकन पंच युजेनिया विल्यम्स यांचा ११५-११३ हा आकडा सांगतो की त्यांनी एकही फेरी समसमान धरली नाही आणि होलिफील्डला सात व लुईसला पाच फेऱ्या दिल्या. त्या सातांत पाचवी फेरीही होती. ज्या फेरीत लुईसने सामन्यातले सर्वांत जास्त वर्चस्व गाजवले, तीच होलिफील्डच्या नावावर लागली, आणि पुढच्या सगळ्या गदारोळाचे मूळ या एका नोंदीत आहे. छायाचित्रकार आडवे येत असल्यामुळे आपल्याला नीट दिसत नव्हते, असे त्यांनी नंतर चौकशीत सांगितले. रिंगच्या तीन बाजूंना पंच बसतात ते नेमके अशासाठीच की एकाला दिसले नाही ते दुसऱ्याला दिसावे. पण मोठ्या सामन्यात रिंगच्या कडेला छायाचित्रकारांची जी दाटी होते ती पाहिलेल्या कोणालाही हे स्पष्टीकरण अगदीच अशक्य वाटणार नाही. मला ते अपुरे वाटते. एखादा ठोसा आडोशामागे झाकला जाईल. दोरांशी कोंडलेला माणूस तीन मिनिटे झाकला जात नाही.

दक्षिण आफ्रिकेचे स्टॅन्ली क्रिस्टोडूलू यांच्या ११६-११३ या आकड्यातून लुईसला सात, होलिफील्डला चार आणि एक फेरी समसमान, असा हिशेब निघतो. तिघांत त्यांचाच कागद सभागृहाच्या मताजवळ जातो, आणि मला विचाराल तर तोही होलिफील्डबाबत थोडा उदारच आहे.

राहिला तिसरा कागद, ब्रिटनच्या लॅरी ओ'कॉनेल यांचा. ११५-११५ असा आकडा बारा फेऱ्यांत, कोणी खाली पडलेला नसताना, एकाच प्रकारे येतो: पाच फेऱ्या याला, पाच त्याला, आणि दोन समसमान. या दोन समसमान फेऱ्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. त्यांपैकी एकच फेरी जरी ओ'कॉनेल यांनी लुईसला दिली असती, तरी त्यांचा कागद ११५-११४ असा लुईसच्या बाजूने झुकला असता, दोन विरुद्ध एक अशा मताने लुईस निर्विवाद जगज्जेता झाला असता, आणि विल्यम्स यांची पाचवी फेरी ही एक चमत्कारिक तळटीप म्हणून उरली असती. घरच्या पंचाने पाहुण्याला हरवले, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. कागद सांगतो तो प्रकार वेगळा आहे: पाहुण्याच्या स्वतःच्या देशाच्या पंचाने दोन फेऱ्यांत मत द्यायचे टाळले आणि एका गुणाने जेतेपद हुकले.

ओ'कॉनेल यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला मला कोणताही आधार दिसत नाही. पंच प्रत्येक फेरीनंतर आपली चिठ्ठी देऊन टाकतो, बेरीज त्याच्यापुढे असेलच असे नाही, आणि फेरीमागून फेरी प्रामाणिकपणे तोलताना शेवटी कुठे जाऊन पोहोचणार याचा अंदाज सुटू शकतो. त्यात ब्रिटनची स्वतःची सवय मिसळली असावी, असा माझा तर्क आहे. तिथल्या बहुतेक सामन्यांत रेफरीच एकटा गुण देतो, आणि फेरी समसमान ठरवणे तिथे अमेरिकेइतके कमीपणाचे मानले जात नाही. अमेरिकन पंचांना दहा-दहा म्हणजे कामचुकारपणा वाटतो. त्यांना शिकवणच अशी असते की फरक शोधा. म्हणजे ब्रिटिश मुष्टियोद्ध्याला अमेरिकेत आडवी आली ती कदाचित ब्रिटिश रीतच.

पंच नेमले कोणी

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या ठिकाणी त्रयस्थ अंपायरची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले, आणि यजमानांच्या पंचांवरचा संशय दूर करण्याचा मार्ग म्हणून पुढे हीच कल्पना रुजली. गार्डनमध्ये दिसायला तरी याहून काटेकोर व्यवस्था होती: एक अमेरिकन, एक ब्रिटिश, एक त्रयस्थ. राष्ट्रीयत्वाचा तराजू असा समतोल असूनही निकाल असा लागला.

राष्ट्रीयत्वापेक्षा महत्त्वाची गोष्ट नेमणुकीची होती. तिन्ही संस्थांचे पट्टे पणाला लागले होते आणि प्रत्येक संस्थेचा एक पंच बसला होता: विल्यम्स आयबीएफच्या, क्रिस्टोडूलू डब्ल्यूबीएचे, ओ'कॉनेल डब्ल्यूबीसीचे. या संस्थांचे उत्पन्न जेतेपदाच्या लढतींच्या शुल्कातून येते, आणि शुल्क येते ते मोठ्या नावांच्या लढती घडवून आणणाऱ्या प्रवर्तकांमुळे. होलिफील्डचा प्रवर्तक डॉन किंग होता. बरोबरी झाली की परतीची लढत होते, आणि परतीची लढत म्हणजे पुन्हा तेवढेच उत्पन्न. त्यामुळे निकाल लागताच सगळ्यांच्या नजरा किंगकडे वळल्या, यात नवल नाही. न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटने सुनावणी घेतली, मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. त्या निकालाबद्दल मात्र कोणावरही काहीही सिद्ध झाले नाही, आणि सिद्ध झाले नाही म्हणून जे उरते त्याला संशय म्हणतात, पुरावा म्हणत नाहीत.

याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयबीएफचे अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीतल्या जागांसाठी पैसे घेतल्याप्रकरणी केंद्रीय न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले आणि पुढे त्यांतल्या काही आरोपांवर ते दोषी ठरले. त्या प्रकरणाचा गार्डनच्या निकालाशी संबंध जोडणारा दुवा नाही. पण ज्या संस्थेने पंच पाठवला तिचा कारभार कसा चालत होता, हे त्यातून उघड झाले. मे २००० मध्ये महंमद अलीच्या नावाचा मुष्टियुद्ध सुधारणा कायदा अमेरिकेत झाला. पंचांना राज्याच्या मंडळाची मान्यता हवी आणि त्यांना मिळणारा मोबदला त्या मंडळापुढे उघड करायला हवा, अशा तरतुदी त्यात आल्या. तिन्ही संस्थांपैकी कोणाकडून किती पैसे मिळतात हे पंचाने लिहून द्यावे, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला २००० साल उजाडावे लागले.

आधीचे पाहुणे

समजूत इतकी घट्ट का बसली, हे समजायला मागे जावे लागते. कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला बॉब फिट्झसिमन्स १८९७ मध्ये नेवाडाच्या कार्सन सिटीत जगज्जेता झाला तो जिम कॉर्बेटच्या पोटात ठोसा मारून, चौदाव्या फेरीत. स्वीडनचा इंगेमार योहानसन २६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये जगज्जेता झाला तो फ्लॉइड पॅटरसनला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडून. सातव्यांदा पडलेल्या माणसाबद्दल पंचाला काही विचारावे लागत नाही. पुढच्या दोन्ही लढतींत पॅटरसनने योहानसनला तसेच, खाली पाडूनच, उत्तर दिले, आणि तिन्ही लढतींत पंचांच्या कागदांना काही काम उरले नाही.

जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९३० मध्ये जॅक शार्कीने कमरेखाली ठोसा मारल्यामुळे श्मेलिंगला जमिनीवर बसल्या बसल्या जगज्जेता घोषित करण्यात आले, म्हणजे नियमाचा फायदा अमेरिकेतच पाहुण्याला मिळाला. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्येच परतीची लढत झाली आणि तीत शार्कीला फुटीर, म्हणजे दोन विरुद्ध एक अशा, मतांनी विजयी ठरवले गेले, तेव्हा श्मेलिंगचा व्यवस्थापक जो जेकब्स मायक्रोफोनवर 'आम्हाला लुटलं' असे ओरडला. ते वाक्य अमेरिकन बोलीत म्हणीसारखे राहिले आहे. पण श्मेलिंगचे खरे नुकसान रिंगमध्ये झालेच नाही. १९३६ मध्ये त्याने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या जो लुईसला (लेनॉक्सशी त्याचे नाते नाही) बाराव्या फेरीत खाली पाडले, जेतेपदाच्या लढतीचा हक्क कमावला, आणि पुढच्या जूनमध्ये ठरल्या तारखेला तो न्यूयॉर्कमध्ये वजन द्यायला हजरही झाला. जगज्जेता जिम ब्रॅडॉक आलाच नाही. नाझी जर्मनीच्या नागरिकाच्या हाती जेतेपद जाऊ द्यायचे नाही, हे एक कारण होते, आणि जो लुईसशी लढल्यास कितीतरी जास्त पैसे मिळणार होते, हे दुसरे. दोन्ही कारणे करारपत्राच्या टेबलावरची आहेत.

या यादीत उलट्या बाजूची नावेही आहेत, आणि ती सोडून दिल्यामुळेच समजूत इतकी नीटनेटकी दिसते. एप्रिल २००८ मध्ये वेल्सचा जो कॅलझागी लास वेगासला बर्नार्ड हॉपकिन्सशी लढला. पहिल्याच फेरीत तो खाली पडला, पुढच्या अनेक फेऱ्या हॉपकिन्सने मिठ्या मारून, वेळ खाऊन, लढत घाणेरडी करून टाकली, आणि तरीही कॅलझागीला फुटीर मतांनी विजय मिळाला. अशा बारीक, दोन्ही बाजूंनी वाचता येणाऱ्या सामन्यात अमेरिकेत पाहुणा हरायला हवा होता, असे समजूत सांगते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रॉय जोन्सकडून पहिल्या फेरीत पुन्हा खाली पडूनही तो तिन्ही कागदांवर मोठ्या फरकाने जिंकला.

आठ महिन्यांनंतर

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी लास वेगासच्या थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये लुईस आणि होलिफील्ड पुन्हा समोरासमोर आले. या वेळी तिन्ही पंच अमेरिकन होते. समजूत खरी मानायची तर लुईसने आल्या पावली परत जायला हवे होते.

सामना पहिल्यापेक्षा बराच चुरशीचा झाला. होलिफील्ड अधिक ताजा होता, अंतर कापून आत शिरत होता, आणि सातव्या फेरीत दोघांनी मधोमध उभे राहून एकमेकांना जे ठोसे दिले तसे पहिल्या सामन्यात कुठेच घडले नव्हते. लुईस जिंकला असे मलाही वाटते, पण मार्चइतक्या निःशंकपणे मी ते म्हणणार नाही. कागद वाचले गेले: ११५-११३, ११६-११२, ११७-१११, तिन्ही लुईसच्या बाजूने. ज्या रात्री तो स्पष्टपणे वरचढ होता त्या रात्री त्याला बरोबरी मिळाली, आणि ज्या रात्री घासून लढत झाली त्या रात्री एकमताने विजय. फिट्झसिमन्सनंतर ब्रिटनमध्ये जन्मलेला असा पहिला निर्विवाद हेवीवेट जगज्जेता अखेर तीन अमेरिकन पंचांनी ठरवला.

याचे स्पष्टीकरण देताना मी फार पुढे जाणार नाही. मार्चच्या निकालानंतर सिनेटची सुनावणी, वृत्तपत्रांचे अग्रलेख आणि विल्यम्स यांचा झालेला जाहीर पंचनामा हे सगळे त्या तिघांनी पाहिले होते. दुसऱ्यांदा तसेच घडले तर आपल्या वाट्याला काय येईल, हे त्यांना ठाऊक होते. पंचाच्या मनावरचे दडपण नेहमी घरच्या माणसाच्या बाजूनेच काम करते असे नाही. नोव्हेंबरमध्ये ते बहुधा पाहुण्याच्या बाजूने होते.

लुईसने मात्र धडा वेगळा घेतला असावा. २९ एप्रिल २००० रोजी तो पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला. समोर मायकेल ग्रँट हा तोवर एकही लढत न हरलेला, लुईसहूनही उंच अमेरिकन होता. होलिफील्डविरुद्धच्या पहिल्या लढतीतल्या पाचव्या फेरीत एक पाऊल मागे येऊन अंदाज घेणारा लुईस त्या रात्री दिसला नाही. पहिल्याच फेरीत त्याने ग्रँटला अनेकदा खाली पाडले आणि दुसऱ्या फेरीत लढत संपवली. तीन पंच रिंगच्या कडेला बसले होते, पण त्यांच्या चिठ्ठ्या कोणी विचारल्या नाहीत.

चव्वेचाळीस लढतींच्या कारकिर्दीत लुईस दोनदाच हरला: एकदा वेम्बलीला, घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि एकदा एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, हसीम रहमानच्या एका ठोशाने. अमेरिकेच्या भूमीवर तो कधीच हरला नाही. तिथला त्याच्या नावावरचा एकमेव डाग म्हणजे गार्डनमधली ती बरोबरी. त्याची शेवटची लढत जून २००३ मध्ये लॉस एंजेलिसला झाली, आणि समोर युक्रेनचा विताली क्लिच्को होता, म्हणजे अमेरिकेत दोन्ही कोपऱ्यांत युरोपचे मुष्टियोद्धे. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदांवर क्लिच्को ५८-५६ असा पुढे होता. डोळ्याच्या वर झालेली जखम पाहून डॉक्टरांनी लढत तिथेच थांबवली, विजय लुईसला मिळाला, आणि प्रेक्षकांनी या वेळी हुर्यो उडवली ती त्याची.